चकचकीत नटाच्या आत

स्टड तुटला तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. दहाचा पाना लावला होता, नट जरासा फिरल्यासारखा वाटला, मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी पाना हातात मोकळा आला. 'टक्' एवढंच. पान्यात तो टोपीसारखा गोल क्रोमचा नट होता, आणि त्याच्या पोटात अडकलेला स्टडचा, म्हणजे डोकं नसलेल्या, आट्यांच्या दांडीचा, तुकडा. मोटरसायकलचा सायलेंसर इंजिनाच्या हेडला जिथे जोडलेला असतो तिथे दोन नट असतात, त्यातला हा डावीकडचा. तुटलेलं टोक मी उजेडात धरलं. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा करडा, चमकदार ठिपका. बाकी सगळं तपकिरी. सहा मिलिमीटरचा स्टड, पण धरून ठेवलं होतं ते त्या दाण्याएवढ्या लोखंडाने.

गाडीवरचे जे बोल्ट बघून मला भीती वाटत होती, ते सगळे एव्हाना सुटले होते. तुटला तो सगळ्यात चांगला दिसणारा.

आमचं घर गुहागरला, समुद्रापासून फार तर दोनशे पावलं. मागे नारळ-पोफळीची वाडी, मग सुरूचं बन, मग पुळण. रात्री वारा सुटला की खिडकीच्या काचेवर सकाळी पांढुरका थर असतो, बोटाने पुसता येतो इतका. नवरा बोटीवर फिटर आहे, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. गाडी त्याची, शंभर सीसीची, चौदा वर्षं जुनी. मे महिन्यात जाताना त्याने ती मागच्या पडवीत लावली, वर ताडपत्री टाकली आणि नायलॉनच्या दोरीने अगदी मुटकुळं करून बांधली. पावसाचं पाणी लागू नये म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवते, शाळा अकरा किलोमीटरवर, आणि दिवाळीनंतर सकाळच्या एसटीची वेळ बदलली. म्हणून ठरवलं की गाडी आपणच काढायची.

ताडपत्री सोडली तर आतल्या बाजूला घाम फुटल्यासारखे थेंब. वरून पाऊस आला नव्हता, पण पडवीची जमीन मातीची. चार महिने खालून ओल वर चढत होती आणि ताडपत्रीखाली कोंडून राहत होती. गाडी पावसात उघडी ठेवली असती तर निदान धुतली तरी गेली असती. चेनगार्डचे बोल्ट, मडगार्डचे, नंबरप्लेटचे, साडीगार्डचे, सगळ्यांची डोकी विटकरी झाली होती. फूटरेस्टच्या दांडीला तर पापुद्रे सुटले होते. हाताला खरखरीत लागायचे आणि चुरा होऊन पडायचे.

पहिला आठवडा मी डोकी घासण्यात घालवला. त्यात काही गोष्टी चांगल्या साधल्या, त्या सांगते. क्रोमवर बारीक ठिपके आलेले असतील तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने घासायचं. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत, आणि काळपट चिखल निघतो त्याबरोबर गंज निघतो. बाकी ठिकाणी पितळी तारांचा ब्रश. पोलादी तारेची घासणी मात्र वापरायची नाही. मी एका बाजूच्या मडगार्डवर वापरली, तिचे बारीक कण तिथेच रुतून बसले आणि चार दिवसांत त्या कणांनाच गंज चढला. आधी पाच डाग होते तिथे पंचवीस झाले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला दाखवलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, गोड्या पाण्याने धुतलंस का आधी?"

नव्हतं धुतलं. रॉकेल लावून सुरुवात केली होती.

त्याने जे सांगितलं ते बोटीवरच्या माणसाला पाठ असतं. डेकवर वर्षाचे बाराही महिने गंज काढायचं काम चालू असतं. आधी चिपिंग हातोड्याने पापुद्रे पाडायचे, मग ब्रश, मग गोड्या पाण्याने स्वच्छ धुवायचं, सुकवायचं, आणि तेव्हाच रंगाचा डबा उघडायचा. पाणी वाचवायला धुणं टाळलं की सहा महिन्यांत रंगाखालून फुगे येतात. "मीठ आत बसलेलं असतं," तो म्हणाला. "दिसत नाही."

दिसत नाही म्हटल्यावर मला राहवलं नाही, शाळेत प्रयोगशाळा आहे. सुटलेल्या चार गंजक्या बोल्टांचा खरवडलेला चुरा एका परीक्षानळीत घेतला, त्यात बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतून हलवलं आणि गाळणकागदातून गाळलं. विहिरीचं पाणी इथे चालत नाही, आमच्या विहिरीतही खार उतरलेला आहे. गाळलेलं पाणी अगदी नितळ होतं. दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब. थेंब पडला तिथून ढगासारखा पांढरा साका पसरत गेला, दही विरजल्यासारखा, आणि थोड्या वेळाने उन्हात जांभळट पडू लागला. क्लोराइडची ही खूण. शेजारी नुसत्या बॅटरीच्या पाण्याची नळी होती, ती काचेसारखी स्वच्छ. तोच चुरा दुसऱ्यांदा धुतला तर साका कमी, तिसऱ्यांदा फक्त धुरकट.

नववीच्या मुलांना खिळ्यांचा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवते. एका नळीत पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. गंजतो तो पहिल्या नळीतला. यंदा मी चौथी नळी वाढवली, समुद्राच्या पाण्याची. मीठ स्वतः लोखंड खात नाही, पण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं हे शेवटी विजेचंच काम. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. जाड्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ते त्याच्यामुळेच. म्हणजे पाऊस थांबला, हवा कोरडी वाटली, तरी बोल्टाच्या खाचेत तेवढा मिठाचा कण स्वतःपुरतं पाणी जमवून बसलेला असतो. चौथ्या नळीतला खिळा दुसऱ्याच दिवशी केशरी झाला. मुलांना घरच्या सायकली आठवल्या.

तेव्हापासून क्रम पक्का झाला. गोडं पाणी, ब्रश, पुन्हा गोडं पाणी, लगेच सुकवणं, आणि मगच तेल किंवा आम्ल.

सुटे बोल्ट मी सायट्रिक आम्लात घातले. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, रात्रभर. बारीक बुडबुडे येतात, पाणी हिरवट-पिवळं होतं. सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासलं की आट्यांमधून काळा गाळ निघतो आणि खालून राखाडी लोखंड दिसतं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि शेवटी स्वच्छ पाणी. इथे घाई हवी. पहिल्या खेपेला मी बोल्ट ताटात पसरून चहा करायला गेले. परत येईपर्यंत सगळ्यांवर केशरी धूळ बसलेली. उघडं पडलेलं ओलं लोखंड इतक्या लवकर गंजतं. दुसऱ्या खेपेपासून धुतले की लगेच फडक्याने टिपून लोखंडी तव्यावर मंद आचेला ठेवायचे, हाताला चटका बसेल इतके गरम झाले की उचलून तेलात टाकायचे.

यात एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. आठ बोल्टांच्या फक्त डोक्याच्या कडेला गंज होता, अंगावर जस्ताचा पिवळसर मुलामा चांगला शाबूत होता. तेही मी बाकीच्यांबरोबर आम्लात घातले. आम्ल आधी जस्त खातं. सकाळी आठही उघडेबोडके. जस्त तिथे लोखंडाच्या ऐवजी स्वतः झिजण्यासाठीच बसवलेलं असतं, आणि ते मी रात्रीत धुऊन टाकलं. अशा बोल्टांना आम्ल नको. पितळी ब्रशने तेवढाच भाग साफ करावा आणि वर मेण किंवा तेल.

दुसरी गोष्ट बोल्टाच्या डोक्यावरच्या आकड्यांची. ८.८ म्हणजे पहिला आठ, ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कल, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ आणि १२.९ चे बोल्ट फार कडक पोलादाचे. ते आम्लात घातले तर हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट आतून ठिसूळ होतो. वरून काही कळत नाही, आणि एक दिवस भाराखाली तो काचेसारखा तुटतो. चाकाचा अ‍ॅक्सल, ब्रेकचे बोल्ट, शॉकअपचे, हँडलचे, हे मी आम्लाजवळ नेलेच नाहीत. ज्यांचे आटे खाल्ले गेले होते ते नवीन आणले. जीव ज्याच्यावर टांगलेला आहे तो बोल्ट वाचवण्यात काटकसर कसली.

फूटरेस्टची दांडी डब्यात मावण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी अंगणात विजेचा प्रयोग केला. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार दांडीला, धन तार बांधकामातल्या उरलेल्या सळीच्या तुकड्यांना. सळी स्टेनलेसची चालत नाही, तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावरच करायचं, कारण दांडीवरून सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. संध्याकाळपर्यंत बादलीवर तपकिरी फेस आला आणि दांडीवरचा गंज काळा, मऊ होऊन बोटाने निघू लागला. लोखंड मात्र जिथल्या तिथे. आम्लापेक्षा ही पद्धत मला जास्त आवडली, कारण गंज गेला की काम आपोआप थांबतं, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही.

आता तो तुटलेला स्टड.

त्या दोन नटांकडे मी महिनाभर बघितलंच नव्हतं, कारण बघण्यासारखं काही दिसत नव्हतं. वरून क्रोम, गोल टोपी, डाग नाही. शेवटी सायलेंसर उतरवायची वेळ आली तेव्हा डब्ल्यूडी-४०चा तेलकट फवारा मारला, दहा मिनिटं थांबले आणि पाना लावला. या नावाचा अर्थच मुळी 'पाणी हटवणारं, चाळिसावं मिश्रण' असा आहे. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून बनवलं होतं. पाणी हटवायला ते उत्तम. पण टोपी नटाला वरून तोंडच नसतं. तेल जाणार कुठून? खालच्या फटीतून सरकत सरकत जायला त्याला दहा मिनिटं नाही, दोन-तीन दिवस द्यायला हवे होते, रोज दोनदा लावून.

आणि पाणी? ते मात्र त्याच फटीतून चौदा वर्षं जात होतं. सायलेंसर तापतो, निवतो, निवताना आतली हवा आक्रसते आणि बाहेरची ओल आत ओढली जाते. टोपीमुळे ती बाहेर पडत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा ठोकला जातो. नट आणि स्टड एक होतात. मग आपण नट फिरवतो तेव्हा नट फिरत नाही, स्टड पिळला जातो. मला नट फिरल्यासारखा वाटला तो खरं म्हणजे स्टडचा पीळ होता.

नाक्यावरचे मेस्त्री घरीच आले, छोटं वेल्डिंग मशीन स्कूटरच्या पायाशी ठेवून. आधी त्यांनी उजवीकडचा नट हातात घेतला, जो अजून शाबूत होता.

"वैनी, मेणबत्ती आहे का घरात? साधी, पांढरी."

मी देवघरातली आणून दिली. त्यांनी टॉर्चची बारीक ज्योत फक्त नटावर धरली, स्टडवर नाही. पेट्रोलचा नळ आधीच बंद केला होता आणि टाकी उतरवून पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती. नटाचा क्रोम निळसर पडू लागला तशी ज्योत बाजूला केली आणि मेणबत्तीचं बूड नटाच्या खालच्या फटीला टेकवलं. मेण वितळलं, फसफसलं, आणि मग अगदी डोळ्यांदेखत आत शोषलं गेलं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. तापलेला नट फुगलेला असतो, फट उघडी असते, आणि पातळ मेण त्या बारीक जागेत शिरतं. असं तीनदा केलं.

"आता सोडू?" मी पाना पुढे केला.

"थांबा. आधी घट्ट करायचा."

"घट्ट?"

"हां. जरासाच, केसभर. गंजाची कड मोडायला हवी ना. मग उलटा."

त्यांनी माझा बारा पैलूंचा रिंग पाना बाजूला ठेवला आणि सहा पैलूंचा बॉक्स पाना लावला. बारा पैलूंचा पाना नटाच्या कोपऱ्यांवर जोर टाकतो, गंजलेले कोपरे तिथेच गोल होतात. सहा पैलूंचा सपाट बाजू पकडतो. पान्याला डावीकडे जरा दाब, मग उजवीकडे, मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी आतून 'कुर्रऽ' असा आवाज आला. मला वाटलं संपलं. मेस्त्री म्हणाले, "हा चांगला आवाज. आवाज न करता मऊ वाटला असता तर घाबरायचं." पाव फेरी सोडला, त्यातली अर्धी परत घेतली, पुन्हा मेण, पुन्हा पाव फेरी. नट सुटायला वीस मिनिटं लागली. पाना लावल्यावर मी डावीकडच्याला एक मिनिटही दिलं नव्हतं.

तुटलेल्या स्टडचं बूड हेडमधून बोटाच्या पेराएवढंही बाहेर नव्हतं, जेमतेम चार-पाच मिलिमीटर. बॅटरीच्या दोन्ही तारा त्यांनी काढल्या, बुडावर एक मोठा नट बसवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग मारून दोन्ही एक केले. वेल्डिंगचं काम दोन आहे, हे मला तेव्हा कळलं. एक, धरायला नट मिळतो. दुसरं, उष्णता. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे स्टडभोवतीची पकड सैल होते. पहिल्या दोन वेळा वेल्डिंग निसटलं. तिसऱ्यांदा निवायच्या आत पाना लावला, आणि बूड फिरलं. आट्यांवर पांढरी पूड होती. गंज तांबडा असतो ही आपली सवय, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा असतो.

सहाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून हाताने फिरवत आटे साफ केले. अर्धी फेरी पुढे, पाव मागे, मध्येच बाहेर काढून चुरा पुसायचा. नवीन स्टड बसवताना आट्यांना निकेलची अँटिसीझ पेस्ट लावली, आटे एकमेकांत जखडू नयेत म्हणून असते ती, नवऱ्याच्या सांगण्यावरून आधीच मागवून ठेवली होती. बोटीवर एक्झॉस्टचा एकही नट असल्या पेस्टशिवाय बसत नाही, असं तो म्हणतो. साधं ग्रीस सायलेंसरजवळ टिकत नाही, जळून कोळसा होतो. नट यावेळी पितळी, आरपार भोकाचे घेतले. पितळ आणि पोलाद एकमेकांत गंजून एक होत नाहीत. चकचकीत टोप्या डब्यात ठेवल्या. दिसायला त्या छान होत्या, पण आत काय चाललंय ते दाखवत नव्हत्या.

घट्ट करताना एक जपायचं. पेस्ट लावली की आटे घसरट होतात, तेवढाच जोर लावला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला कोरडा असताना साधारण १० न्यूटन-मीटरचा पीळ पुरे, पेस्ट असेल तर त्याहून पाव भाग कमी. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की सगळं हेड उतरवायचं काम निघतं.

शेजारच्या वाडीतल्या चुलतदिराने सल्ला दिला, "सगळे स्टेनलेसचे टाक, कटकट संपेल." अर्धा सल्ला मी मानला. नंबरप्लेट, मडगार्ड, साइडकव्हर, साडीगार्ड, इथे चिपळूणहून ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचे बोल्ट आणून लावले. ३१६ चे मिळाले असते तर खाऱ्या हवेत आणखी बरे, त्यांच्यात मॉलिब्डेनम असतं. पण ब्रेक आणि अ‍ॅक्सलला नाही, कारण नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा, ८.८ पेक्षा कमी ताकदीचा. आणि इंजिनच्या कव्हरला तर अजिबात नाही. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजने तिथले दोन बोल्ट हरवले म्हणून स्टेनलेसचे लावून दिले होते. त्या दोघांच्या भोवती कव्हरचं अ‍ॅल्युमिनियम फुलून पांढरं झालंय, बाकीचे जुने बोल्ट गंजके आहेत पण त्यांच्याखालचं कव्हर शाबूत. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत खर्च होतं ते अ‍ॅल्युमिनियम. बोल्ट चकाकत राहतो आणि इंजिन झिजतं.

आम्लाने उघडे पडलेले ते आठ बोल्ट फेकवेनात. केळफूल किंवा आवळा चिरला की विळी काळी पडते, ती काळिमा मला आठवली. फळातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की निळा-काळा थर बसतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ती हीच. बाजारात गंजावर लावायची जी काळी रसायनं मिळतात त्यातल्या काहींमध्ये टॅनिक आम्लच असतं. मी हिरड्याची पूड उकळून, गाळून, त्या दाट काढ्याचे दोन हात बोल्टांवर फिरवले. तासाभरात ते पाटीसारखे काळे झाले. वर मेण-तेलाचा हात. हा थर पातळ असतो, पाणी अडवण्याचं काम मेणच करतं. तीन महिन्यांनी आठातल्या दोघांच्या कडेला ठिपके दिसले, सहा अजून काळेभोर आहेत. चेनगार्डला एवढं पुरतं.

गाडी आता उघड्या पडवीत फळ्यांवर उभी असते, ताडपत्री नाही, वर एक सुती चादर. आठवड्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी, प्रेशरचा पाइप नाही, कारण तो बेअरिंगमधलं ग्रीस काढून मीठ आत ढकलतो. धुतल्यावर शाळेपर्यंत एक फेरी मारायची म्हणजे सगळं गरम होऊन सुकतं. ब्रेक सोडून बाकी बोल्टांवर तेलाचं फडकं. आणि वर्षातून दोनदा, खंडेनवमीला आणि मृग लागायच्या आत, प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट सुटतोय तोपर्यंतच एकदा सोडायचा, आटे पुसायचे, पेस्ट किंवा ग्रीस लावून परत बसवायचा. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून मांडतोच. मी पाने मांडते, आणि हार घालायच्या आधी ते वापरते.

जानेवारीत नवरा आला. सामान ठेवलं, आईच्या पाया पडला आणि पडवीत गेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून सायलेंसरच्या तोंडाशी बघितलं. पितळी नट मळलेले, काळपट झाले होते.

"टोप्या कुठे गेल्या?"

"डब्यात आहेत."

त्याने दहाचा पाना मागितला. मी दिला नाही, स्वतःच लावला. अर्ध्या फेरीत नट सैल झाला, पुढे तो मी बोटांनी काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. आट्यांमध्ये पेस्ट अजून तशीच होती, करडी, ओलसर, चमकणारी. त्याने ती करंगळीने जराशी पुसून बघितली आणि नट मला परत दिला. मी पुन्हा बसवला.